ए. डी. ओव्हाळ यांचा ‘कारखाना’

आम्रपाली ओव्हाळ भोसरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तेव्हा तिथली सगळी माणसं एका टेम्पोत मावली असती, आणि त्यांत बाई ती एकटीच होती. साल अठ्ठ्याण्णव. आसपासच्या कारखान्यांना हजेरीचे आणि गोदामाचे प्रोग्रॅम करून द्यायचे, हा कंपनीचा धंदा. आम्रपालीनं कॉम्प्युटरमध्ये एमसीएम केलं होतं आणि तिला प्रोग्रॅम लिहायचे होते. पण मालक जयसिंग यांनी पहिल्याच दिवशी तिला जिन्याखालचं टेबल दाखवलं.

“तुम्ही टेस्टिंग बघा.”

“म्हणजे नक्की काय करायचं, सर?”

“प्रोग्रॅम चालवायचा आणि चालतो म्हणून सांगायचं.”

“आणि नाही चालला तर?”

जयसिंग हसले. “आपली पोरं लिहितात म्हटल्यावर चालणारच की.”

चालत नसे. हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये तिसऱ्या पाळीचा कामगार तारीख बदलली की गैरहजर दिसायचा. आम्रपालीचे वडील ज्ञानदेव पिंपरीच्या एका फाउंड्रीत होते. तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी कसा दिसतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्याला गैरहजर ठरवणारा प्रोग्रॅम तिला बघवेना. तिनं ती चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शेखरला सांगितली, तीही सगळ्यांसमोर, कारण वेगळं बोलवून सांगावं हे तिला सुचलं नाही.

“तुम्ही काय आमच्या चुका काढायला बसलाय का?” शेखर म्हणाला.

खरं तर तिला त्यासाठीच बसवलं होतं. पण त्या दिवसापासून शेखर तिच्याशी बोलेनासा झाला, आणि हळूहळू बाकीचेही. दुपारी पोरं खाली टपरीवर जायची आणि ती जिन्याखाली बसून डबा खायची. चूक तर दुरुस्त झाली होती, पण ती कुणी शोधली, हा विषय कुणीच काढला नाही.

आपलं काम नेमकं काय आहे, हे जगात कुणाला तरी माहीत असेल, असं तिला राहून राहून वाटे. चिंचवड स्टेशनाजवळ तेव्हा नवा सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडची खोपटी, त्यात पिवळटलेला मॉनिटर, आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली कॉलेजची पोरं. एका शनिवारी तिनं तिथं जाऊन इंग्रजीत साधा प्रश्न टाइप केला, की प्रोग्रॅम तपासतात कसा. बऱ्याच वेळानं एक पान उघडलं. परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली टिपणं होती ती. तिथून दुसरं पान, मग तिसरं. या सगळ्याला मिळून एक अख्खं शास्त्र होतं. लोकांना काय हवंय ते विचारायचं कसं, आराखडा कसा करायचा, तपासायचं कसं, आपण सोडून गेल्यावर दुसऱ्याला दुरुस्त करता यावं म्हणून काय लिहून ठेवायचं. कॉलेजात या विषयाचा एक पेपर होता, पण तो सगळ्यांनी पाठ करून दिला होता. ही माणसं मात्र त्यावर आयुष्य घालवत होती आणि एकमेकांशी भांडत होती.

ती बाहेर आली तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं. जिन्याखालच्या टेबलाला जगात नाव होतं, मान होता.

पुढच्या खेपेला मात्र तिला त्यातली अर्धी पानं सापडली नाहीत. तेव्हा शोधयंत्रं आजच्यासारखी नव्हती. एकदा हातातून सुटलेलं पान परत मिळेलच याची खात्री नसे. तिनं पत्ते जमवायला सुरुवात केली. मग वाटलं, आपण शोधतोय तसं आणखी कुणीतरी शोधत असणारच. वेबपान कसं करतात हे ती त्याच कॅफेत बसून शिकली आणि एका फुकट जागा देणाऱ्या सेवेवर तिनं आपलं पान लावलं. त्याला नाव दिलं ‘कारखाना’. तळाशी इंग्रजीत लिहिलं, ए. डी. ओव्हाळ, पुणे जिल्हा, भारत.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा आई केसरबाई भाकरी थापत होत्या. करमाळ्याकडच्या त्या. लग्न होऊन इकडं येऊन पंचवीस वर्षं झाली तरी त्यांची बोली तशीच होती.

“कारखाना? आन् त्यात बनतं काय?”

“काही बनत नाही, आई. कुठं काय चांगलं वाचायला मिळेल, ते त्यात सांगितलंय.”

“मंग चौकशीची खिडकी म्हन की त्याला.”

ज्ञानदेव हसले, पण नंतर म्हणाले, “कारखानाच बरंय. खिडकी काय, कुणीबी तोंडावर लावून घेतं.”

चौकशीच्या खिडकीशी त्या पानाचं खरंच साम्य होतं. फक्त एक गोष्ट वेगळी होती. आम्रपाली नुसता पत्ता देत नसे. प्रत्येक दुव्याखाली ती इंग्रजीत आपल्या दोन ओळी लिहायची. हे कुणी वाचावं, कुठं जपून वाचावं, लेखक कुठं उगाच फुगवून सांगतोय. ‘हा लेख मोठ्या कंपनीसाठी आहे. तुम्ही चारच जण असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.’ अशा प्रकारच्या ओळी. पूर्ण वाचल्याशिवाय ती एकही दुवा देत नसे.

आणि ई-मेलनं पत्रं येऊ लागली. मनिलामधल्या विद्यार्थ्याचं, नागपूरच्या एका प्रोग्रॅमरचं, कॅनडातल्या ग्रंथपालाचं. सगळी ‘डिअर सर’ अशी सुरू होणारी. एकानं ‘डॉ. ओव्हाळ’ लिहिलं. तिनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ऑफिसात बाई म्हणून जिन्याखाली आणि इथं सर, यात तिला थोडी गंमतही वाटे.

‘सर’ न म्हणणारा एकच होता. उरुग्वे नावाच्या देशातल्या मोंतेव्हिदेओ शहरात ऑस्कर नावाचे मास्तर कॉलेजात हाच विषय शिकवत. त्यांचं पहिलं पत्र आलं ते तीन बंद पडलेले दुवे कळवायला. शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘तुमच्या नावातलं ए म्हणजे काय? आणि हे नाव पुरुषाचं की बाईचं? माफ करा, आमच्याकडे पत्र लिहिताना ते कळावं लागतं.’

तिनं पूर्ण नाव लिहून कळवलं, आणि ते बाईचं आहे असंही. मग ऑस्कर दर महिन्या-दोन महिन्यांनी बंद दुवे कळवत राहिले. विद्यार्थ्यांना ते ‘कारखाना’ वाचायला लावत. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? ओव्हाळांचं घर दिघीत होतं. मागच्या बाजूला लष्कराची जमीन, तारेचं कुंपण, त्यापलीकडे बाभळी आणि वाळलेलं गवत. तिनं तसंच लिहिलं. ‘इकडे चारी बाजूंना इमारती वाढतात, पण माझ्या खिडकीसमोर कधीच काही वाढणार नाही, कारण तिथे जायला बंदी आहे.’ ऑस्करनी उलट लिहिलं की त्यांच्या खिडकीतून नदी दिसते, पण ती इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ त्यांनी घरातून कधीच पाहिलेला नाही.

प्रेम म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ऑस्करना बायको होती, मुली होत्या. पण आम्रपाली कुठलाही नवा लेख वाचताना मनाशी म्हणायची, हे ऑस्करना पटणार नाही. आपण वाचलेलं दुसऱ्या कुणाला पटेल की नाही असं वाटणं, ही तिची त्या काळातली सगळ्यात जवळची सोबत होती.

एकदा ऑस्करनी त्यांच्या कॉलेजातल्या शिक्षकांच्या परिषदेत तिला बोलायला बोलावलं. तिकिटाची सोय कॉलेज करणार होतं. तिनं पासपोर्ट काढला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. चूक सापडल्यावर ती समोरच्याला सांगायची कशी, यावर. शेखरला सगळ्यांसमोर सांगितल्याचं तिच्या मनातून गेलं नव्हतं, आणि त्यावर तिनं पुढं पुष्कळ विचार केला होता. जायच्या आधी थोडे दिवस ज्ञानदेव फाउंड्रीतून आले, चप्पल काढायला वाकले आणि उठलेच नाहीत. अर्धांगवायू. डावी बाजू गेली.

ती गेली नाही. भाषणासाठी काढलेले मुद्दे तिनं ‘कारखान्या’त एक पान करून घातले. इतर सगळी पानं दुसऱ्यांच्या लिखाणाकडे नेणारी होती. हे एकच तिचं स्वतःचं होतं.

याच सुमारास नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत. चहा झाल्यावर दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. तिनं त्याला ‘कारखान्या’बद्दल सांगितलं.

“लग्नानंतर बंद कराल ना ते?” त्यानं विचारलं.

“का?”

माणूस वाईट नव्हता. बंद करायचं असतं असं त्यानं आपलं गृहीत धरलं होतं. दोघं खाली आली आणि विषय तिथंच संपला. त्यानंतर वडिलांचं आजारपण पुढं करून तिनं स्थळं बघणंच सोडून दिलं. भाऊ नागसेन तेवढा काही दिवस चिडला, मग त्याच्या संसारात गुंतला.

भोसरीची कंपनी बंद झाली. आम्रपाली हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत लागली. तिथं टेस्टिंगचा अख्खा मजला होता. आता काम काय हे विचारावं लागत नव्हतं, पण कुणाशी वाद घालायचीही सोय नव्हती. सगळं ठरलेलं असे. एकदा जेवताना शेजारच्या तरुण टीम लीडला तिनं ‘कारखान्या’चं सांगितलं. त्यानं मोबाईलवर उघडून पाहिलं.

“अरे वा, क्लासिक!” तो म्हणाला. “पण मॅडम, सर्च केलं की मिळतंच की हे सगळं.”

“मिळतं,” ती म्हणाली. “पण त्यातलं कुठलं वाचावं?”

“पहिलं येतं ते,” तो म्हणाला आणि ताट ठेवायला उठला.

त्याचं खरं होतं. लोक तसंच करू लागले होते. पत्रं कमी झाली. आधी विद्यार्थ्यांची थांबली, मग इतरांची. ऑस्करची पत्रं येत राहिली, पण आखूड झाली. एका पत्रात त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं लिहिलं. त्यानंतरच्या तिच्या पत्राला उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा ‘या नावाचं कुणी इथं नाही’ असा यंत्राचा निरोप परत आला. ते निवृत्त झाले, की गेले, की नुसता कॉलेजचा पत्ता बंद झाला, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या घरचं कुणी तिला ओळखत नव्हतं. वडील गेले तेव्हा लोक भेटायला आले होते. या दुसऱ्या गोष्टीसाठी भेटायला कोण येणार? आईला सांगावं तर सुरुवात कुठून करायची, हेच तिला समजेना.

तरी दर रविवारी सकाळी नाश्ता झाला की ती दुवे तपासायला बसायची. एकेक उघडायचा. बंद असेल तर पान कुठं गेलं ते शोधायचं, लेखकाला लिहायचं. लेखक वारल्याचं कळलं तर दुव्याखाली तसं नोंदवायचं. केसरबाई दारातून विचारायच्या, “हाय का आजून कुनी वाचनारं?”

“असतील.”

“तुला काय ठावं?”

“नाही ठाऊक.”

केसरबाई गेल्या त्यालाही आता काही वर्षं झाली. हिंजवडीच्या कंपनीनं पन्नाशीतल्या बऱ्याच जणांना एकदम कमी केलं, त्यांत आम्रपालीही होती. आता ती घरूनच लोकांचे तांत्रिक कागद तपासून देते. खालच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, वर ती. दिवसभरात बोलणं होतं ते दूधवाल्याशी, आणि फोनवर नागसेनच्या मुलीशी, मिनलशी. मिनल पुनावळेला राहते आणि सॉफ्टवेअरमध्येच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक विचित्र गोष्ट झाली. ‘कारखान्या’ला किती जण भेट देतात याचा आलेख तिला दिसत असे. वर्षानुवर्षं तो जमिनीला टेकलेला होता. तो अचानक चढू लागला. तिला वाटलं, मोजण्यातच काही बिघाड असेल. पण दर आठवड्याला तो चढतच गेला. इतकी माणसं तर पहिल्या वर्षांतही येत नव्हती. लोक एकेक पान उघडत होते, तळापर्यंत जात होते, अगदी तिच्या स्वतःच्या पानावरही.

ती उठून गॅलरीत गेली, पुन्हा आत आली. घरात सांगायला कुणी नव्हतं. तिनं मिनलला फोन लावला.

“मिनल, लोक परत आलेत गं.”

“कुठले लोक, आत्या?”

“‘कारखान्या’वर. खूप जण आलेत. वाचतायत सगळं.”

मिनल म्हणाली, “मी येते रविवारी. बघू.”

त्या चार-पाच दिवसांत आम्रपालीनं पुष्कळ काम केलं. जुनं झालेलं एक पान नव्यानं लिहायला घेतलं. केस कापून आली. रविवारी मिनल आली, तिनं सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि बराच वेळ खाली-वर करत बसली.

“आत्या,” ती म्हणाली, “ही माणसं नाहीयेत.”

“मग कोण आहे?”

“मशिनी आहेत. एआयला शिकवायला मजकूर लागतो ना, तो गोळा करत फिरतात. तुझ्याकडंच नाही, सगळीकडंच.”

“वाचतात ना पण?”

“वाचतात म्हणजे... घेऊन जातात.”

“माझ्या दोन ओळीसुद्धा?”

“सगळंच.”

आम्रपालीनं मान डोलावली. “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली. मिनल मागोमाग आली, तर ती ओट्याला टेकून नुसती उभी होती, गॅस न पेटवता.

“एक तरी माणूस असेल का गं त्यात?” तिनं विचारलं.

“असेलही. पण ओळखायचं कसं?”

नव्या वर्षात जागा देणाऱ्या सेवेचं पत्र आलं. ते आपलं दुकान बंद करत होते. ज्याची त्यानं पानं हलवून न्यावीत. मिनल म्हणाली, एका दुपारचं काम आहे, मी दुसरीकडं हलवून देते. आम्रपाली म्हणाली, “थांब जरा.” आणि तिनं पहिल्या पानावर सगळ्यात वर चार ओळी लिहिल्या, इंग्रजीत आणि खाली मराठीतही. ‘हे पान या महिन्याच्या शेवटी बंद होईल. तुम्ही माणूस असाल आणि हे वाचत असाल, तर मला कळवा. एक ओळ पुरे.’

पहिल्या आठवड्यात तुमची वेबसाइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती तेवढ्या आल्या. नंतर एक लांबलचक पत्र आलं, तिच्या कामाची तोंड भरून स्तुती करणारं. ते वाचून तिला बरं वाटलं. पण त्यात कुठल्याच पानाचं नाव नव्हतं. तिनं विचारलं, तुम्ही नक्की काय वाचलंत? उत्तर लगेच आलं, तितकंच गोड आणि तितकंच पोकळ. तिनं त्याला पुन्हा लिहिलं नाही. इनबॉक्समध्ये काही आलं की ती हातातलं टाकून धावायची, आणि वीजबिलाचा निरोप बघून परत जायची.

महिना संपत आला तेव्हा मराठीतलं एक पत्र आलं. सुरुवात अशी होती:

‘सर, मी माणूस आहे. माझं नाव स्वप्नाली मुंढे. चाकणला एका कंपनीत टेस्टिंगला आहे. तुमच्या कारखान्यावरच शिकले. बंद होतंय वाचून वाईट वाटलं. तुम्ही अमेरिकेत असता का?’

चाकण. दिघीपासून तासाभराचा रस्ता, तोही ट्रॅफिक असतो म्हणून. आम्रपालीनं आपला पत्ता कळवला आणि खाली लिहिलं, ‘सर नाही, बाई आहे. घरी या.’

स्वप्नाली शनिवारी पहिली पाळी संपवून स्कूटीवर आली. चाळिशीला टेकलेली, कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी बूट, गळ्यात ओळखपत्र तसंच. दारात बूट काढायला तिला वेळ लागला.

“तुम्हीच ए. डी. ओव्हाळ?” स्वप्नालीनं वर बघून विचारलं.

“हो. या ना आत.”

“मला वाटायचं कुनीतरी मोठे सर असतील. टक्कल असलेले.”

दोघी हसल्या. स्वप्नाली हिंगोलीकडची. नवरा ज्योतीराम तळेगावला एका कंपनीत फिटर आहे, मुलगा शाळेत. तिची कंपनी गाड्यांच्या चालकासमोरचे स्क्रीन बनवते, वेग, पेट्रोल, धोक्याचे दिवे दाखवणारे. त्यांतलं सॉफ्टवेअर ती तपासते. पण नोकरीची सुरुवात तिनंही भोसरीतल्याच एका छोट्या कंपनीत केली होती. टेस्टिंगला एकटीच.

“कुनी बोलत नव्हतं बघा माझ्याशी,” ती म्हणाली. “चूक सांगितली की तोंड फिरवायचे. रूमवर येऊन लई रडायचे मी. मग तुमचं ते पान वाचलं. चूक कशी सांगायची ते. त्यात लिहिलंय ना तुम्ही, आधी त्याला वेगळं गाठा, आन् चूक तुमची म्हनू नका, प्रोग्रॅमची म्हना.”

“तेव्हा लिहिलं का नाहीत मला?”

“इंग्रजी कुठं येत होतं मला लिहायला? वाचायलाच किती दिवस लागायचे.”

आम्रपालीनं पोहे केले होते. ते निवून गेले तरी दोघी बोलत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं आम्रपालीनं विचारलं, “आता तुमच्याकडच्या नव्या मुलींना दाखवता का ‘कारखाना’?”

स्वप्नाली चमचा बशीत फिरवत राहिली.

“खरं सांगू का, मॅडम?”

“सांगा.”

“मी उघडते कधीमधी, पन पोरींना न्हाई दाखवत. लई जुनं झालंय त्यातलं. मागं आमच्या एका नव्या पोरीनं, अंजलीनं, तिथं वाचून एक तपासणी तशीच केली. गाड्यांचे नियम आता येगळेत. तिचं आठवड्याचं काम वाया गेलं. मग मीच म्हनले, नको वाचत जाऊस ते.” तिनं वर पाहिलं. “राग आला का?”

“नाही,” आम्रपाली म्हणाली.

राग आला नव्हता. इतकी वर्षं दर रविवारी तिनं दुवे चालू आहेत की बंद, एवढंच पाहिलं होतं. चालू दुव्यावरचं जे आहे ते अजून खरं आहे का, हे सगळं पुन्हा वाचून बघणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं, आणि हे तिला कुठंतरी कळत होतं. ते तोंडावर सांगणारं माणूस एवढ्या वर्षांनी आलं होतं. आणि त्यानं वेगळं गाठून सांगितलं होतं.

“बंद करू मग?” तिनं विचारलं.

“ते मी कसं सांगू?”

“तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही विचारायला.”

स्वप्नालीनं खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे ऊन उतरत होतं.

“करा,” ती म्हणाली. “पण चूक सांगायचं ते पान मला द्या. आन् मराठीत करून द्या. आमच्या पोरींना इंग्रजीचं टेन्शन येतं.”

जाताना तिनं वाकून नमस्कार केला. आम्रपालीला त्याची सवय नव्हती. “अहो, नको नको,” म्हणत तिनं तिला उठवलं. स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही ती गॅलरीत थांबली होती. मग बश्या उचलल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, तिनं ‘कारखाना’ बंद केला. मिनल येते म्हणाली होती. आम्रपाली म्हणाली, “नको, त्यात काय बघायचंय?” आणि खरंच बघण्यासारखं काही नव्हतं. पान उघडायला गेलं तर सापडत नाही असा निरोप आला, एवढंच. तिनं तो तीन-चारदा उघडून पाहिला. कुठून कुणी विचारलं नाही, फोन वाजला नाही. खाली भाडेकरणीचा कुकर शिट्ट्या देत होता. तिला एकदम वाटलं की ऑस्करनी कधीकाळी पुन्हा शोधलं, तर आता त्यांनाही हाच निरोप मिळेल. त्या विचारानं ती थोडी रडली. मग उठून तोंड धुतलं.

पुढचे रविवार अवघड गेले. नाश्ता झाला की हात आपोआप संगणकाकडे जायचे आणि तिथं करण्यासारखं काही नसायचं. एका रविवारी ती उगाचच चिंचवडपर्यंत जाऊन भाजी घेऊन आली, दिघीत मिळत असताना. बुद्धविहारात जाऊ लागली, पण तिथल्या बायकांची बोलणी सुनांची आणि नातवंडांची. ती ऐकत बसे.

त्या एका पानाचं मराठी करायला मात्र तिला वाटलं त्यापेक्षा खूप वेळ लागला. इंग्रजीत जे नेमकं होतं ते मराठीत उपदेश केल्यासारखं वाटे. तिनं ते अनेकदा फिरवून लिहिलं आणि शेवटी शेखरचा प्रसंग जसा घडला तसा घातला, नाव बदलून. स्वप्नालीनं ते आपल्या हाताखालच्या मुलींना दिलं. त्यांतल्या दोघींनी वाचलं, बाकीच्यांनी ‘वाचते मॅडम’ म्हटलं, असं स्वप्नालीनंच सांगितलं, काही न लपवता. एकदा तिनं आम्रपालीला कंपनीत बोलवायचा प्रयत्न केला, पण बाहेरच्या माणसाला आत सोडायला परवानगी मिळाली नाही. मग तेही राहिलं.

दोघी काही मैत्रिणी झाल्या नाहीत. स्वप्नालीला घर आहे, मुलगा आहे, पाळ्या आहेत. तिचे निरोप रोज येत नाहीत. कधी आठवडा जातो, कधी महिना. पण मधूनच, जेवणाच्या सुट्टीत, ती मशिनींच्या आवाजातून ओरडून बोललेला लांबलचक ध्वनिनिरोप पाठवते. परवा आलेल्या निरोपात ती चांगलीच तापली होती. धोक्याचा दिवा कधीकधी उशिरा लागतो असं तिला दिसलं होतं, आणि प्रोग्रॅमर म्हणत होता की तुझी तपासणीच चुकली. ती खरंच दिव्याची चूक होती की तिची, हे तिला कळेना.

आम्रपालीनं निरोप दोनदा ऐकला. आदल्या महिन्यात तिचं कुणाशीच धड बोलणं झालं नव्हतं, त्यामुळे फोन लावताना तिनं आधी घसा साफ केला.

“बोला मॅडम,” स्वप्नाली म्हणाली. मागं कशाचातरी मोठा भोंगा वाजत होता.

“तो रागावून म्हणाला की साधं म्हणाला?” आम्रपालीनं विचारलं. “नक्की काय शब्द वापरले त्यानं? जसेच्या तसे सांगा.”